फेंक शिकवितांना

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस हंसूं आलें असेल. ज्याच्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं, ज्यानें उभ्या आयुष्यांत चौथीच्या वर्गापलीकडे कांहीं शिकविलें नाहीं, अशा एका निवृत्त मास्तरानें मासे धरण्याच्या काठीविषयीं बोलावें, हें थोडें विपरीत खरेंच. परंतु मासे कसे धरावेत हें मला सांगावयाचें नाहीं. तें मला येतही नाहीं. माझा विषय आहे तो गळाची दोरी फेंकावयास शिकविण्याचा, आणि त्यांतही माझा भर फेंकण्यावर नसून शिकविण्यावर आहे. हाताचें कसब एका माणसाकडून दुसऱ्या माणसाच्या हातांत कसें जातें, या प्रश्नाचा जितका बारकाईनें विचार परदेशांतील या छांदिष्ट मंडळींनीं केला आहे, तितका मीं माझ्या चौतीस वर्षांच्या नोकरींत केला नव्हता, ही कबुली आरंभींच देऊन टाकतों.

२०२३ सालच्या उन्हाळ्यांत मी माझ्या मुलीकडे अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरीं तीन महिने राहावयास गेलों होतों. त्या शहराचा उन्हाळा म्हणजे आपला पौष महिना. जुलैमध्यें सुद्धां सकाळीं समुद्रावरून असें दाट धुकें येतें कीं कानटोपीवांचून बाहेर पडवत नाहीं. मुलीच्या घराजवळ गोल्डन गेट पार्क नांवाचें विस्तीर्ण उद्यान आहे. तिकडे रोज एक फेरी मारण्याचा माझा परिपाठ पडला. त्या उद्यानांत एका कुंपणांत बायसन, म्हणजे आपल्या गव्यासारखे पण केंसाळ असे धिप्पाड प्राणी ठेवलेले आहेत. त्यांच्यासमोर रस्ता ओलांडला कीं उंच झाडांच्या आड तीन मोठीं, उथळ तळीं लागतात. तीं १९३८ सालीं मुद्दाम बांधलेलीं आहेत. कांठावर कांहीं स्त्रीपुरुष लांब, लवचिक काठ्या घेऊन उभे असत आणि डोक्यावरून दोरी मागें-पुढें खेळवीत पाण्यावर तरंगणाऱ्या कड्यांत तिचें टोक अलगद टाकीत असत. मीं कितीदां तरी थांबून पाहिलें. पण एकालाही मासा मिळालेला दिसला नाहीं.

शेवटीं न राहवून मुलीला विचारलें. ती म्हणाली, "बाबा, तिथं मासे नाहींतच. तें शिकण्याचं तळं आहे."

"मासेच नाहींत, तर शिकणार काय?"

"मासे नाहींत म्हणून तर शिकतां येतं. गळाला मासा लागला कीं आपल्या हाताकडे कोण बघतंय?"

ती सहज बोलून गेली. पण परीक्षेच्या निकालाचा मासा गळाला लावण्यांत ज्यानें मुलांचीं व स्वतःचीं वर्षें घालविलीं, त्याला तें उत्तर लागलें. दुसऱ्या दिवसापासून मी फेरी मारणें सोडून त्या तळ्याच्या कांठीं बांकावर बसूं लागलों.

ही फेंक म्हणजे काय, हें आधीं सांगितलें पाहिजे. आपल्याकडचा साधा गळ सर्वांनीं पाहिलेला असतो. दोरीच्या टोकाशीं शिशाचा तुकडा व आमिष असतें. आपण तें वजन भिरकावतों, आणि वजनामागून दोरी जाते. इंग्रजींत ज्याला 'फ्लाय' म्हणतात त्या माशीच्या गळाची तऱ्हा याच्या उलट. ट्राउट नांवाचा थंड पाण्यांतला मासा पाण्यावर पडणारे किडे व माश्या टिपून खातो. त्याला फसविण्याकरितां बारीक गळाभोंवतीं पिसें, लोकर, रेशीम गुंडाळून खोटी माशी तयार करतात. ही युक्ति फार जुनी आहे. मॅसिडोनियांतील लोक गळाला तांबडी लोकर व पिसें बांधून मासे धरतात, असें ईलियन या प्राचीन रोमन लेखकानें नमूद केलें आहे, आणि इंग्लंडांतील आयझॅक वॉल्टन याचा या छंदावरील प्रसिद्ध ग्रंथ १६५३ सालचा आहे. आतां या पिसाच्या माशीला वजन असें नाहींच. हातानें फेंकली तर ती दोन पावलांवर पडेल. म्हणून येथें वजन असतें तें दोरीला. सामान्यतः नऊ फूट लांबीची काठी, नव्वद फुटांच्या आसपास दोरी. आणि तीही किती जड? पांच नंबरची म्हणून जी दोरी सर्रास वापरतात, तिच्या पहिल्या तीस फुटांचें वजन १४० ग्रेन, म्हणजे सुमारें ९ ग्रॅम. या नऊ ग्रॅमला हवेंत चालवावयाचें, आणि माशीनें निमूट त्याच्यामागें जावयाचें.

त्यासाठीं दोरी आधीं मागें न्यावी लागते. काठी वेग घेत मागें न्यावी आणि एकाएकीं थांबवावी. काठी थांबते, पण दोरी थांबत नाहीं. ती शेंड्यावरून पुढें धांवते आणि केंसांतल्या आंकड्याच्या आकाराचा एक वळसा हवेंतून उलगडत जातो. तो उलगडून दोरी मागें सरळ झाली कीं मग काठी पुढें आणावयाची व पुन्हा थांबवावयाची. ज्वारीच्या राखणींत गोफण फिरविलेल्यांना हें चटकन् कळणार नाहीं, कारण गोफणींत सारी करामत फिरविण्यांत आहे आणि येथें ती थांबविण्यांत आहे. मागची दोरी सरळ होण्यापूर्वींच काठी पुढें ओढली तर आसुडासारखा कडाका होतो आणि टोकाची माशी तुटून जाते. काठीचा शेंडा सरळ रेषेंत न चालतां कमानींत फिरला तर वळसा रुंद, फोफशा होतो व वाऱ्यापुढें टिकत नाहीं. जोर एकदम सुरवातीलाच लावला तर शेंडा खालीं बुडतो, वळशाची वरची बाजू खालच्या बाजूंत अडकते आणि दोऱ्याला गांठ बसते. या गांठीला तिकडे 'वाऱ्याची गांठ' म्हणतात. वारा बिचारा निर्दोष असतो. पण नांव ठेवणाऱ्यांत मास्तर मंडळी असावींत असा मला संशय आहे, कारण मूल नापास झालें कीं आम्हीही हवेलाच दोष देतों.

हा ट्राउट मासा आपल्या देशांतही आहे. विसाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास ब्रिटनमधून त्याचीं अंडीं आणून काश्मिरांत त्याची पैदास करण्यांत आली. तिकडील बरेच शौकीन धरलेला मासा पुन्हा पाण्यांत सोडून देतात. हें मीं परत आल्यावर शेजारच्या मालवणी गृहस्थांना सांगितलें, तेव्हां ते म्हणाले, "मगे तो धरूचो कित्याक, गुरुजी?" या प्रश्नाचें उत्तर मजपाशीं नाहीं, आणि तो माझा आजचा विषयही नाहीं.

महिन्यांतून एका शनिवारीं त्या तळ्यावर नवशिक्यांना फुकट शिकवितात. गळ नसतोच; दोरीच्या टोकाला लोकरीचा एक रंगीत तुकडा बांधलेला असतो. त्या दिवशीं मीं दोन शिक्षक पाहिले. एक तिशींतला तरुण होता. त्याची स्वतःची फेंक इतकी देखणी कीं पाहणाऱ्यानें पाहतच राहावें. शिकविण्याची पद्धत अशी कीं आधीं स्वतः पांच-सहा फेंकी करून दाखवावयाच्या, "हें असें," म्हणावयाचें, आणि मग शिकणाऱ्याच्या पाठीशीं उभें राहून मनगट, कोंपर, खांदा, पाय, नजर यांविषयीं एकामागून एक सूचना द्यावयाच्या. त्याच्यापुढें एक चाळिशींतील बाई होत्या. प्रत्येक सूचनेगणिक त्यांचे खांदे अधिकाधिक आंखडत होते. शेवटीं दोरी त्यांच्या स्वतःच्याच टोपींत अडकली. त्या हंसल्या, पण तें हंसू कसें असतें तें मी ओळखतों. फळ्यापुढें उभ्या केलेल्या मुलाच्या तोंडावर मीं तें हजारदां पाहिलें आहे.

तेवढ्यांत तरुणाला कोणी हांक मारली, आणि दुसरे शिक्षक, एक सत्तरी उलटलेले गृहस्थ, त्या बाईंकडे आले. ते पाठीशीं उभे राहिले नाहींत. चार पावलें दूर, बाजूला उभे राहिले, जेथून मागचा व पुढचा दोन्ही वळसे दिसतात. "करा," एवढेंच म्हणाले. बाईंनीं सहा-सात फेंकी केल्या. गृहस्थ अक्षर बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "तुमची दोरी मागें गेल्यावर काय करते?" बाई गोंधळल्या. त्यांनीं मागें कधीं पाहिलेंच नव्हतें. "मान वळवा आणि बघा. घाई नाहीं. सरळ झालेली दिसली कीं पुढें आणा." बाईंनीं मान वळविली. तिसऱ्या फेंकींत दोरी मागें सरळ झाली, पुढें आली आणि पाण्यावर अशी पडली कीं बाईंच्या तोंडून आनंदाचा चीत्कार निघाला. कोंपर, खांदा, पाय यांपैकीं कशाचाही उच्चार झाला नव्हता. तेवढ्यानें कांहीं त्या निष्णात झाल्या नाहींत. मनगट वांकडेंच होतें, वळसा रुंदच होता. तें गृहस्थांनाही दिसत होतें. पण ते दोन पावलें मागें सरले आणि गप्प राहिले.

वर्ग संपल्यावर मी त्यांच्याशीं बोलावयास गेलों. माझें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. पण एका मास्तरानें दुसऱ्या मास्तराला ओळखण्यास तेवढें पुरलें. "मनगटाबद्दल कां बोललां नाहीं?" असें विचारतां ते म्हणाले, "आज त्यांना एकच गोष्ट घरीं नेतां येणार होती. मीं त्यांतल्या त्यांत उपयोगाची निवडली." मग त्यांनीं मला एक रीत सांगितली. ती त्यांची स्वतःची नव्हे. ब्रूस रिचर्डस् या अमेरिकन शिक्षकाची ती म्हणून त्या वर्तुळांत प्रसिद्ध आहे. दोष दिसला कीं शिक्षकानें तीन पायऱ्या उतरावयाच्या: दोरी काय करीत आहे? काठीनें असें काय केलें म्हणून दोरीनें तसें केलें? आणि शरीरानें असें काय केलें म्हणून काठीनें तसें केलें? मग त्याच तीन पायऱ्या उलट चढावयाच्या: शरीरानें काय बदलावें, म्हणजे काठी काय करील, म्हणजे दोरी काय करील. दोरी, काठी, शरीर. शरीर, काठी, दोरी. बस्स.

श्रोतेहो, हें ऐकलें आणि मला माझ्या वर्गांतला एक मुलगा आठवला.

गांवाचें व शाळेचें नांव सांगत नाहीं. मुलगा धनगराचा, अंगानें दणकट, तोंडी हिशोबांत सर्वांच्या पुढें. अक्षर मात्र असें कीं मुंग्यांची रांग पावसांत सांपडावी. मी त्याला पानेंच्या पानें लिहावयास लावीत असें. त्याच्या वहीवर तांबड्या शाईनें 'अक्षर सुधार' हे दोन शब्द मीं किती वेळां लिहिले असतील याची गणती नाहीं. वळणदार अक्षर काढून दाखवीत असें आणि म्हणत असें, "हें बघ, असं." एकदां त्याची वही मीं सबंध वर्गाला उंच धरून दाखविली. वर्ग हंसला, तोही हंसला, आणि पुढें पांचवींत गेल्यावर थोड्याच दिवसांत तो शाळेंत येईनासा झाला. त्याला इतरही कारणें असतील. मेंढरें होतीं, घरची ओढ होती. माझ्या डोक्यावर मी नसती पापें ओढून घेत नाहीं. परंतु त्या तळ्याकांठीं बसून मला एवढें स्पष्ट कळलें कीं वर्षभर मीं त्याचें अक्षर पाहिलें. त्याची पेन्सिल पाहिली नाहीं, आणि त्याचीं बोटें तर मुळींच पाहिलीं नाहींत. म्हणजे मी दोरीलाच ओरडत होतों.

असो. फेंक शिकविण्याच्या शास्त्राचा इतिहासही आमच्या शाळांच्या इतिहासासारखाच आहे. पूर्वीं इंग्लंडांत शिकणाऱ्याच्या काखेंत पुस्तक धरावयास लावीत. तें पडूं न देतां फेंक केली म्हणजे हात योग्य चालला असें समजत. छडी खाली ठेवून पुस्तकाचा असा उपयोग करणारे मास्तर मला ठाऊक नव्हते. पुढें घड्याळाची पद्धत रूढ झाली: काठी घड्याळाच्या कांट्यासारखी मानावयाची आणि ती दहा व दोन या आंकड्यांच्या मध्येंच हलवावयाची. नॉर्मन मॅक्लीन यांच्या १९७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ए रिव्हर रन्स थ्रू इट' या कथेंत मोंटानांतील एक ख्रिस्ती धर्मोपदेशक आपल्या दोन मुलांना ही फेंक शिकवितांना गायनशिक्षकांचें तालयंत्र, मेट्रोनोम, वापरतो. चार मात्रांचा ताल आणि दहा ते दोनचें घड्याळ. याविरुद्ध मेरीलंडचे लेफ्टी क्रे, ज्यांचें २०१८ सालीं वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षीं निधन झालें, त्यांनीं आवाज उठविला. दोरी आंखूड असेल तर काठी थोडी हलवावी, लांब असेल तर पुष्कळ मागें न्यावी. सर्वांना एकच घड्याळ कसें लागूं पडेल, हा त्यांचा मुद्दा.

१९९० सालीं जे आणि बिल गॅमल या बापलेकांनीं एक छोटीशी पुस्तिका काढली. कसें उभें राहावें, काठी कशी धरावी, यांवर त्यांनीं भर दिला नाहीं. चांगल्या म्हणून ज्या ज्या फेंकी आहेत, मग त्या कोणीही कोणत्याही लकबीनें केलेल्या असोत, त्या सर्वांत समान काय, एवढेंच त्यांनीं शोधलें. तें पांच गोष्टींत मावलें: प्रत्येक फेंकीच्या शेवटीं दोरीच्या लांबीप्रमाणें कमीअधिक थांबावें; दोरींत ढील राहूं देऊं नये; काठीचा शेंडा होईल तितका सरळ चालावा; दोरी जितकी लांब तितका काठीचा फेर मोठा असावा; आणि जोर योग्य तेवढा व योग्य जागीं लावावा. मला या पुस्तिकेचें फार कौतुक वाटतें. आमच्या शिक्षणांत लकबीलाच नियम समजण्याची खोड आहे. मी स्वतः डावऱ्या मुलांना उजव्या हातानें लिहावयास लावणाऱ्या पिढीच्या हाताखालीं शिकलों, आणि तें चूक आहे हें कळूनही पहिलीं दोन वर्षें तसेंच वागलों.

आणखी एका बाईंचें नांव घेतल्यावांचून पुढें जाववत नाहीं. जोन वुल्फ. जन्म १९२६ सालचा, न्यू जर्सी राज्यांतील पॅटर्सनचा. लहानपणीं वडिलांची काठी न विचारतां घेऊन त्या तळ्यावर गेल्या आणि काठीचा वरचा भाग सुटून पाण्यांत पडला. शेजाऱ्यानें दांताळें घालून तो काढून दिला. वडील रागावले नाहींत. उलट तिला आपल्याबरोबर फेंकीच्या क्लबांत नेऊं लागले. १९४३ ते १९६० या काळांत या बाईंनीं सतरा राष्ट्रीय विजेतेपदें मिळविलीं, आणि १९५१ सालीं तर दूर फेंकीची एक स्पर्धा सगळ्या पुरुष स्पर्धकांना मागें टाकून जिंकली. परंतु मला त्यांचें मोठेपण वाटतें तें पुढच्या कामाचें. त्या नृत्यही शिकवीत असत. नृत्यांत प्रत्येक पदन्यासाला नांव आहे, आणि फेंकींत मात्र "असें करा, तसें करा" याशिवाय शब्दच नाहींत, ही उणीव त्यांना टोंचली असावी. १९७९ सालीं पति ली वुल्फ यांच्यासह न्यूयॉर्क राज्यांत बीव्हरकिल नदीच्या कांठीं त्यांनीं शाळा काढली आणि १९८७ च्या आपल्या पुस्तकांत फेंकीच्या प्रत्येक भागाला नांव दिलें. काठीवर ताण आणणारी हालचाल निराळी, शेवटचा झटका निराळा, त्यानंतरचा सैल ओघ निराळा. ज्या दोषाला नांव नाहीं तो दाखवितां येत नाहीं, हें आपल्या जुन्या गवयांना ठाऊक होतें. मींड, खटका, मुरकी हे शब्द उगीच नाहींत.

आतां माझी स्वतःची फजिती सांगतों. पुढच्या एका सकाळीं त्या वृद्ध गृहस्थांनीं माझ्या हातांत काठी दिली. मीं नको नको म्हटलें, मुलगी म्हणाली, "घ्या हो बाबा, इथं कोण ओळखतंय तुम्हांला?" दहा-बारा फेंकी केल्या, दोरी माझ्या पायाशीं शेवयांसारखी पडली. मला थांबणें साधेना. काठी ढकलीत नेल्यासारखी नेत होतों. गृहस्थ थोडा वेळ पाहत राहिले आणि त्यांनीं एक अनपेक्षित प्रश्न केला: "तुम्हीं आयुष्यभर हातानें काय केलें?" मीं सांगितलें, "खडू, आणि शाईचा पेन." ते विचारांत पडले. "पेनांतून शाई येईनाशी झाली म्हणजे काय करीत होतां?" मीं नकळत हात झटकून दाखविला. जमिनीवर शाईचे थेंब उडवावयाचे म्हणजे हात वेगानें नेऊन टपकन् थांबवावा लागतो, हें कोणत्या मास्तराला सांगावें लागतें? "तेंच करा," ते म्हणाले. वळसा निघाला. अरुंद नव्हे, पण वळसा होता.

त्यांच्यापाशीं सर्वांसाठीं एकच उपमा नसे. सुताराला ते खिळ्यावर हातोडी मारावयास सांगत, रंगाऱ्याला कुंचला झटकावयास. मेल क्रीगर म्हणून एक नामांकित शिक्षक होऊन गेले. शिकणाऱ्यांत कोणी इंजिनियर वृत्तीचे असतात, कोणी कवि वृत्तीचे, असें ते मानीत. ही वांटणी मनोरंजक आहे. पण माणसांवर कायमच्या चिठ्ठ्या चिकटविणें मला पसंत नाहीं. डोळ्यांनीं शिकणारे, कानांनीं शिकणारे, हातांनीं शिकणारे असे वर्ग पाडण्याची टूम आमच्या प्रशिक्षणांतही आली होती. २००८ सालीं पॅश्लर प्रभृति चार मानसशास्त्रज्ञांनीं त्या मताची छाननी केली, तेव्हां अशा विभागणीप्रमाणें शिकविल्यानें अधिक शिकलें जातें याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाहीं. त्या वृद्ध गृहस्थांनीं मला कोणत्या वर्गांत घातलें नाहीं. माझ्या हाताला आधींच काय येतें, एवढें त्यांनीं शोधलें.

दुसरेंही एक त्यांच्या बोलण्यांत ध्यानांत आलें. "मनगट ताठ ठेवा" असें ते क्वचितच म्हणत. "त्या मागच्या झाडाच्या शेंड्याकडे दोरी फेंका" असें म्हणत. आणि झाडाकडे लक्ष गेलें कीं मनगट आपोआप बरेचसें ताळ्यावर येई. गाब्रिएले वुल्फ यांनीं (जोन वुल्फ यांच्याशीं नामसाम्य केवळ योगायोगाचें) आपल्या दोन सहकाऱ्यांसह १९९८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. बर्फावर घसरण्याचा सराव देणाऱ्या यंत्रावर कांहींना आपल्या पायांकडे लक्ष द्यावयास सांगितलें, कांहींना पायांखालच्या चाकांकडे. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. अंतर कितीसें? पायाचें आणि चाकाचें! शिक्षकानें शरीर पाहावें तें दोषाचें मूळ सांपडण्यासाठीं; शिकणाऱ्याला मात्र त्याची आठवण जितकी कमी करून द्यावी तितकें बरें, असें मला वाटूं लागलें आहे.

या विद्येला तिकडे परीक्षाही आहे. १९६५ सालीं स्थापन झालेली एक संस्था, जिचें आजचें नांव फ्लाय फिशर्स इंटरनॅशनल, ती १९९२ पासून शिक्षकांना प्रमाणपत्र देते. त्या परीक्षेंत उत्तम फेंक करून दाखविणें पुरत नाहीं. परीक्षक सांगेल तेव्हां अरुंद वळसा, सांगेल तेव्हां रुंद वळसा, आणि सांगेल तेव्हां वळसाच नाहीं अशी वाईट फेंक मुद्दाम करून दाखवावी लागते, आणि ती तशी कशानें झाली तेंही सांगावें लागतें. त्या तरुण शिक्षकाविषयीं मीं मघां थोडें कडक बोललों. त्याची अडचण मला या परीक्षेमुळें कळली. त्याला वाईट फेंक येतच नसावी. लहानपणींच हात वळलेला. चूक कशी होते याचा अनुभव हाताला नाहीं.

आणि मला तरी कोठें होता? माझें अक्षर पहिल्यापासून वळणदार. त्या रात्रीं जेवणें झाल्यावर मुलीच्या टेबलावर मीं एक कागद घेतला आणि तो धनगराचा पोरगा पेन्सिल कशी धरीत असेल तें आठवूं लागलों. आठवेना. मग वेगवेगळ्या प्रकारें धरून पाहिली. अंगठा इतर बोटांवरून गुंडाळून, टोकाच्या अगदीं जवळ, मूठ आवळून धरली, तेव्हां कागदावर मुंग्यांची ती रांग उतरली. तींच अक्षरें! अर्धें पान लिहून होईतों माझा हात अंगठ्याच्या मुळापासून दुखूं लागला. मीं त्याला दहा-दहा पानें लिहावयास लावीत असें. मुलगी भांडीं आवरून आली आणि म्हणाली, "बाबा, काय झालं?" मीं कागद घडी करून खिशांत ठेवला.

परत आल्यावर गतवर्षीं गांवच्या यात्रेंत तो मला भेटला. चाळिशीचा झाला आहे, स्वतःचा टेंपो चालवितो. वांकून नमस्कार केला, चहा पाजल्याशिवाय सोडीना. मी अडखळत त्याला तें सर्व सांगावयास लागलों. तळें, दोरी, काठी, त्याचा अंगठा. त्याला त्यांतलें किती समजलें कोण जाणे. तो म्हणाला, "गुरुजी, हात लई दुखायचा, हे मातर खरं. पन म्या म्हनलं, लिवताना समद्यांचाच दुखत आसंल." मग थोडें थांबून म्हणाला, "आमची धाकली तिसरीत हाय. तिचंबी आक्षर माझ्यावानीच हाय म्हंत्यात. येळ आसंल तर जरा बघा."

मुलगी बुजरी. तिनें वही उघडून माझ्यापुढें धरली. मीं ती मिटून बाजूला ठेविली, तिला कोरा कागद दिला आणि म्हटलें, "तुझ्या बाबांच्या टेंपोविषयीं मला लिहून दाखव." ती लिहूं लागली. मी तिच्या उजव्या बाजूला, जेथून बोटें दिसतात अशा बेतानें बसलों आणि पान भरेपर्यंत कांहीं बोललों नाहीं.